पोटखराब्यावरचा रहिवासी : आंबोलीच्या भेकाविषयी वाचकांचे प्रश्न

मागील अंकात पावसाळी रानातील प्राण्यांविषयी लिहिताना आंबोलीच्या भेकाचा, म्हणजे टोडचा, मी दोन-तीन ओळींत उल्लेख केला होता. त्यावर कोकणातून, घाटमाथ्यावरून आणि शहरांतूनही इतकी पत्रे आली की, या वेळचे संपूर्ण सदर या एकाच प्राण्याला द्यावे असे ठरवले. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न देता केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

सावंतवाडी येथील एक शिक्षिका विचारतात : “आंबोली टोड हा बेडूक जगात फक्त आंबोलीलाच सापडतो असे विद्यार्थी सांगतात. हे खरे आहे का? टोड आणि बेडूक यांत फरक काय आणि टोडला मराठीत काय म्हणावे?”

आपल्या विद्यार्थ्यांनी सांगितलेली गोष्ट थोडीही अतिशयोक्त नाही. ज्ञात असलेला त्याचा अधिवास आंबोली आणि तिच्या लगतच्या पठारांपुरताच आहे, आणि हा टापू इतका लहान आहे की, धडधाकट माणूस एका दिवसात तो पायी ओलांडू शकेल. म्हणूनच आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या लाल यादीत त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवले आहे. त्या यादीत याच्यापुढची पायरी निसर्गातून नामशेष होण्याची असते.

नावाविषयी सांगायचे तर मराठी शास्त्रीय लेखनात टोडला ‘भेक’ म्हणतात आणि हा शब्द मला वापरायला आवडतो. भेक हे बेडकांच्याच गणातील एक कुळ आहे. साधारणपणे भेकाची कातडी कोरडी आणि खरबरीत असते, मागचे पाय आखूड असल्यामुळे तो लांब उडी घेत नाही, तुरुतुरु चालतो किंवा छोट्या छोट्या उड्यांनी पुढे सरकतो. पावसाळ्यात अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपायला येणारा, पाठीवर पुटकुळ्या असलेला, सर्वांच्या ओळखीचा प्राणी म्हणजे साधा भारतीय भेक. आंबोलीचा भेक त्याच्यापुढे फारच लहान असतो, अंगठ्याच्या दोन पेरांत मावेल एवढा. साध्या भेकाच्या डोक्यावर काळ्या कडांच्या ठळक उंचवट्यांची नक्षी असते. आंबोलीच्या भेकाची खूण मात्र त्याच्या कुशीवर असते. तपकिरी अंगावर दोन्ही बाजूंनी पिवळे पट्टे आणि डाग असतात आणि वाघाच्या अंगावर असावेत तसे ते एकमेकांत मिसळलेले दिसतात.

त्याचे शास्त्रीय नाव याच खुणेवरून पडले. २००९ साली एस. डी. बिजू, वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटातील भेकांवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात या प्राण्याचे प्रथमच शास्त्रीय वर्णन झाले आणि त्याला ‘झँथोफ्राइन टायगरिना’ असे नाव मिळाले. ग्रीक भाषेत ‘झँथोस’ म्हणजे पिवळा आणि ‘फ्राइन’ म्हणजे भेक. ‘टायगरिना’चा अर्थ सांगण्याची गरज नाही. त्याच निबंधात ‘झँथोफ्राइन’ ही संपूर्ण प्रजातीच (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) नव्याने मांडण्यात आली आणि तिच्यात आणखी एका जुन्या ओळखीच्या भेकाला जागा मिळाली. तो म्हणजे कोयनेचा भेक. पी. डब्ल्यू. सोमण यांनी १९६३ साली कोयनेच्या परिसरातून त्याचे वर्णन केले, तेव्हा तो सरसकट ‘बुफो’ या प्रजातीत घातला गेला होता. शेचाळीस वर्षांनंतर शरीररचना आणि जनुके तपासल्यावर असे दिसून आले की, कोयनेचा आणि आंबोलीचा हे दोन्ही भेक एकमेकांचे सख्खे नातलग आहेत आणि भारतातील इतर भेकांपासून त्यांची शाखा निराळी आहे. म्हणजे जगात या प्रजातीचे दोनच जातभाई ज्ञात आहेत आणि ते दोघेही महाराष्ट्राच्या सह्याद्रीतले आहेत. आपल्या वर्गात हे जरूर सांगावे, कारण वाघ किंवा मोर यांच्याविषयी असे विधान आपल्याला कधीच करता येणार नाही.

आंबोलीच्या परिसरात जमीन असलेले एक शेतकरी लिहितात : “आमच्या सातबारावर दोन एकर कातळ पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन, म्हणून लागलेला आहे. त्यावर कुसळे सोडून काही उगवत नाही. गेल्या वर्षी अभ्यासाला आलेली मुले त्याच कातळावर रात्री बॅटऱ्या घेऊन हे बेडूक पाहत होती. उघड्या दगडावर हा प्राणी जगतो कसा?”

सर्व पत्रांतील हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला, म्हणून याचे उत्तर सविस्तर देतो.

आपण ज्याला कातळ किंवा सडा म्हणता, तो जांभ्या दगडाचा आहे. लाखो वर्षे मुसळधार पाऊस आणि कडक ऊन आलटून पालटून सोसलेल्या खडकातून सिलिका धुपून गेली, मागे लोह आणि ॲल्युमिनियम यांची संयुगे राहिली आणि पृष्ठभाग विटेसारखा तांबडा व कठीण झाला. याच दगडाचे चिरे काढून कोकणात घरे बांधतात. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली केरळमधील अंगाडीपुरम येथे हा दगड पाहून त्याला ‘लॅटेराइट’ हे नाव दिले, तेही विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरूनच. आंबोलीचे सडे समुद्रसपाटीपासून सुमारे सातशे मीटर उंचीवर आहेत, त्यांवर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो आणि त्यातील बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. म्हणजे तोच दगड वर्षातील चार महिने पाण्याखाली असतो आणि उरलेल्या महिन्यांत, विशेषतः एप्रिल-मेमध्ये, अनवाणी पाऊल ठेववणार नाही इतका तापतो. सातबारावर नोंद करणाऱ्याने हे दुसरे रूप पाहून पोटखराबा लिहिले असावे, आणि पीक घेण्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे.

जांभ्याचा पृष्ठभाग सपाट दिसला तरी तो कधीच सपाट नसतो. त्याला भेगा असतात, खळगे असतात, सुटलेल्या दगडांखाली पोकळ्या असतात. आंबोलीचा भेक कोरडे महिने याच भेगांत आणि दगडांखाली काढतो, कारण वरचा कातळ भाजत असला तरी वीतभर खालच्या फटीत गारवा आणि किंचित ओल टिकून राहते. मृगाचा पाऊस लागला की तो बाहेर येतो. त्याची वीण ही पावसाच्या सुरुवातीला थोड्या दिवसांत उरकून घेण्याची घाई असते. नर कातळावर बसून हाका घालतात, माद्या त्या ऐकून येतात, आणि अंडी घालण्यासाठी तळे, ओढा किंवा विहीर न निवडता माद्या कातळावरचे उथळ खळगे निवडतात.

काही वर्षांपूर्वी जूनच्या अखेरीस आंबोलीजवळच्या एका सड्यावर मी असा एक खळगा जवळून पाहिला. त्याची लांबी-रुंदी जेवणाच्या ताटाएवढी होती. काठाशी बोट बुडवून पाहिले तर पाणी पहिल्या पेराच्या वर चढले नाही. तळाशी तांबडा गाळ होता, कडेला शेवाळाची हिरवी रेघ होती आणि त्या रेघेलगत पारदर्शक, बुळबुळीत गोळ्यात मोहरीएवढे काळसर ठिपके होते. मी ते मोजले तेव्हा तिशीच्या आसपास भरले. साधा भेक एका वेळी हजारो अंडी घालतो आणि ती लांबलचक माळेत ओवलेली असतात. येथे मात्र एक छोटासा पुंजका होता. दुसऱ्या दिवशी सकाळी पावसाने उघडीप दिली आणि चार तास ऊन पडले. दुपारी परत गेलो तेव्हा पाण्याची कड शेवाळाच्या रेघेपासून दोन बोटे आत सरकली होती आणि पुंजक्यातील काही अंडी ओल्या दगडावर उघडी पडली होती. संध्याकाळी पुन्हा पाऊस आला आणि खळगा भरला. उघड्या पडलेल्या अंड्यांपैकी किती वाचली ते मला कळले नाही, पण या प्राण्याचे जगणे किती बारीक धाग्याला टांगलेले आहे ते त्या दुपारी जसे समजले, तसे कोणत्याही पुस्तकातून समजले नसते.

मग त्याने असे धोक्याचे ठिकाण का निवडावे? खोल आणि कायमच्या पाण्यात मासे असतात, खेकडे असतात, मोठ्या बेडकांचे भैकेर, म्हणजे शेपटीवाली पिले, असतात आणि त्यांच्यापुढे तीस अंड्यांच्या पुंजक्याचा निभाव लागणे कठीण असते. ताटाएवढ्या खळग्यात मासा येऊ शकत नाही. म्हणजे शत्रू टाळण्यासाठी या भेकाने सुकण्याची जोखीम पत्करली आहे, आणि आंबोलीसारखा जवळजवळ अखंड पाऊस जेथे पडतो तेथेच ही जोखीम परवडते. निखिल गायतोंडे, वरद गिरी आणि कृष्णमेघ कुंटे यांनी २०१६ साली या प्रजातीच्या पुनरुत्पादनावर जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही कातळावरील याच वीणीचे बारकाईने वर्णन आहे. अंड्यातून बाहेर पडलेले भैकेर त्याच उथळ पाण्यात वाढतात आणि सव्वा महिन्याच्या आसपास त्यांना पाय फुटून ते कातळावर चढतात. या काळात पावसाने सलग काही दिवस दडी मारली, तर एका सड्यावरची वर्षाची वीण हातची जाऊ शकते.

आपल्या दोन एकरांवर ‘कुसळे सोडून काही उगवत नाही’ या वाक्याला मी नम्रपणे हरकत घेतो. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात गुडघे टेकून पाहा. असल्या कातळावर सीतेच्या आसवांची जांभळी-निळी फुले, गेंदाचे पांढरे गोंडे, चिकट थेंबांनी किडे धरणारी दवबिंदू ही वनस्पती, असा सगळा संसार दोन-तीन सेंटिमीटर मातीत थाटलेला असतो. आंबोलीच्याच मातीतून २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात विज्ञानाला ठाऊक झाली. तोही बेडकांचाच पाय नसलेला चुलता.

पुणे येथील एक अभियंता विचारतात : “प्राणी एवढा दुर्मीळ आहे, तर प्राणिसंग्रहालयात त्याची पैदास करून तो सुरक्षित ठिकाणी का सोडत नाहीत? कातळच हवा असेल तर दुसरा कातळ शोधता येईल.”

प्रश्न तर्काला धरून आहे आणि जगात एका भेकाच्या बाबतीत हे प्रत्यक्ष करून झाले आहे. त्याची हकीकत सांगितल्याशिवाय आपल्याला उत्तर देता येणार नाही.

आफ्रिकेतील टांझानिया या देशात उद्झुंग्वा पर्वतरांगेत किहान्सी नावाची नदी एका अरुंद घळीत धबधब्यांच्या रूपाने कोसळते. त्या धबधब्यांच्या तुषारांनी बाराही महिने चिंब राहणाऱ्या, सगळी मिळून जेमतेम दोन हेक्टर भरणाऱ्या हिरवळीत १९९६ साली एक पिवळसर रंगाचा भेक सापडला. मोठ्यात मोठी मादी तीन सेंटिमीटरांपेक्षा कमी लांबीची होती आणि ती अंडी न घालता थेट इवली पिले प्रसवत असे. हजारोंच्या संख्येने हे भेक त्या दोन हेक्टरांत नांदत होते आणि पृथ्वीवर इतरत्र कोठेही नव्हते. दुर्दैवाने त्याच नदीवर जलविद्युत प्रकल्पाचे काम तोवर सुरू झाले होते. २००० साली प्रकल्प चालू झाला, नदीचे सुमारे नव्वद टक्के पाणी वळवले गेले आणि तुषार थांबले.

त्यानंतर जे प्रयत्न झाले त्यांना तोड नाही. घळीत नळ टाकून कृत्रिम तुषार उडवण्याची व्यवस्था केली गेली. २००० सालच्या अखेरीस ४९९ भेक पकडून अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत नेण्यात आले. घळीतील भेकांची संख्या मध्यंतरी वाढलीही, पण २००३ मध्ये ती अचानक कोसळली. उभयचरांच्या कातडीवर वाढून जगभर त्यांचा संहार करणारी कायट्रिड बुरशी तेथे पोहोचली होती. २००९ साली हा भेक निसर्गातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. इकडे अमेरिकेत नेलेल्या भेकांनाही नवे अन्न, नवा प्रकाश आणि नवे आजार मानवेनात. एक वेळ अशी आली की, त्यांची एकूण संख्या शंभराच्या आत आली. न्यूयॉर्कमधील ब्राँक्स आणि ओहायोमधील टोलेडो येथील प्राणिसंग्रहालयांच्या कर्मचाऱ्यांनी अनेक वर्षे खपून ती पुन्हा हजारांवर नेली. २०१० साली शंभर भेक दार-ए-सलाम येथे परतले आणि २०१२ मध्ये त्यांना किहान्सीच्या घळीत पुन्हा सोडण्यास सुरुवात झाली. तुषार मात्र आजही नळांतूनच उडवावे लागतात.

या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण त्यांचा अनुभव आपल्या सूचनेच्या बाजूने बोलत नाही. दोन हेक्टर जागा गमावल्याची भरपाई करण्यासाठी दोन खंडांतील संस्था, विमाने, प्रयोगशाळा आणि बारा वर्षे लागली, आणि ती भरपाईही पूर्ण झाली नाही. आंबोलीचा सडा अजून जागेवर आहे, त्यावर पाऊस पडतो आहे आणि भेक स्वतःहून वीण करतो आहे. आज आपल्या हाती असलेली ही संपत्ती किहान्सीच्या शास्त्रज्ञांकडे नव्हती.

‘दुसरा कातळ शोधू’ या मुद्द्याविषयीही सांगतो. कोयना आणि आंबोली यांच्यामध्ये सरळ रेषेत दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतर आहे, मध्ये कातळाची पठारेही पुष्कळ आहेत, तरीही हे दोन भेक दोन स्वतंत्र जाती होण्याइतके वेगळे झाले. घनदाट रानाच्या समुद्रात एकेक सडा बेटासारखा असतो आणि बेटावरचा रहिवासी पोहून पलीकडे जात नाही. एका सड्यावर कोणत्या महिन्यात पाणी किती दिवस टिकते, कोणता खळगा उन्हात येतो, तेथे आधीपासून कोण राहते, हे सर्व जुळल्याशिवाय सोडलेला प्राणी टिकत नाही. उलट नव्या ठिकाणच्या मूळ रहिवाशांना आपण नकळत आजार देऊन बसतो. सह्याद्रीतील बेडकांवरही कायट्रिड बुरशी आढळलेली आहे, त्यामुळे ही भीती काल्पनिक नाही.

रत्नागिरी येथील एक विद्यार्थी : “भेकाला हात लावला तर अंगावर चामखिळी येतात का?”

नाही. चामखीळ एका विषाणूमुळे येते आणि भेकाच्या पुटकुळ्यांशी तिचा संबंध नाही. त्या पुटकुळ्या म्हणजे ग्रंथी असतात. साध्या भेकाच्या डोळ्यामागील मोठ्या ग्रंथींतून जो पांढरा चीक येतो, तो मात्र डोळ्यांत किंवा तोंडात गेल्यास त्रास होतो, म्हणून हात धुवावेत. आंबोलीच्या भेकाला मुळी हात लावूच नये, कारण उभयचर कातडीतूनही श्वास घेतात आणि आपल्या तळहातावरचे मीठ, साबण किंवा डास पळवण्याचे मलम त्याच्या अंगात सहज उतरते.

बेळगाव येथील एक कुटुंबवत्सल वाचक लिहितात : “आम्ही दर पावसाळ्यात धबधबा पाहायला आंबोलीला जातो. आमच्यासारख्यांमुळे या प्राण्याला धोका होतो का? होत असल्यास काय टाळावे?”

आपण हे विचारले याचा आनंद झाला. धोका होतो, आणि तो मुख्यतः चाकांखाली होतो. सावंतवाडी-बेळगाव रस्ता आणि त्याला मिळणारे छोटे रस्ते याच पठारांमधून जातात. भेकाच्या वीणीचे दिवस आणि पर्यटकांच्या गर्दीचे दिवस एकच असतात. ओला डांबरी रस्ता भेकाला कातळासारखाच वाटतो, तो त्यावर येऊन बसतो आणि दिव्याच्या झोतात पळण्याऐवजी जागच्या जागी थांबतो. पावसाळी रात्रीनंतर पहाटे या रस्त्यांवरून पायी गेले, की दर थोड्या अंतरावर चपटे झालेले बेडूक आणि साप दिसतात. अंधार पडल्यानंतर पठारावरच्या आतल्या रस्त्यांवर गाडी नेणे टाळले, तर आपण केलेले ते सर्वांत मोठे काम ठरेल. जावेच लागले तर वेग वीस-पंचवीसच्या पुढे नेऊ नये.

दुसरे, सड्यावर गाडी चढवू नये. गाडीच्या एका चाकोरीत किती खळगे येतात ते वर सांगितलेल्या ताटाच्या हिशेबाने आपल्याला कळेल. पाण्याच्या डबक्यांतून मुलांना उड्या मारू द्याव्यात असे कोणालाही वाटेल, माझेही बालपण त्यातच गेले, परंतु जून-जुलैमध्ये कातळावरच्या डबक्यांपुरती मुलांना मनाई करावी आणि त्याऐवजी त्यांना पोटावर झोपवून त्या पाण्यात काय हलते ते पाहायला सांगावे. दगड उलटे करून भेक शोधू नयेत. छायाचित्रासाठी काहीजण त्याला उचलून हिरव्या पानावर ठेवतात, तेही करू नये. तो पानावर राहणारा प्राणी नाही आणि असे छायाचित्र पाहणाऱ्यालाही चुकीचीच माहिती देते. एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जाताना बुटांचा चिखल धुऊन ते वाळवावेत, बुरशी त्याच वाटेने प्रवास करते.

आंबोलीजवळच्या एका गावातील तरुण विचारतात : “हा प्राणी वाचवायचा तर आमच्या गावात अभयारण्य येणार का? चिऱ्याच्या खाणी, काजूची लागवड आणि दोन खोल्यांचे होमस्टे यांवर आमची पोटे आहेत. सरकारी कार्यक्रमात तर सड्यावर झाडे लावायला सांगतात.”

आपले पत्र मी दोनदा वाचले. त्यातील चिंता रास्त आहे आणि तिला बगल देऊन भेकाविषयी लिहिणे मला योग्य वाटत नाही.

कोयनेच्या भेकाचे नशीब या बाबतीत बरे निघाले. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला आणि ही दोन्ही वने २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घोषित केलेल्या पश्चिम घाटातील ठिकाणांच्या यादीतही आहेत. वाघाच्या छत्राखाली भेकाला आसरा मिळाला. आंबोली त्या यादीत नाही. येथील काही वनक्षेत्र संवर्धन राखीव झाले आहे, पण सडे अनेकदा खासगी किंवा गावकीच्या मालकीचे असतात आणि महसुली कागदावर ते पडीक म्हणूनच मोजले जातात. जंगल तोडायचे झाले तर परवानगी मागावी लागते, चार लोक हरकत घेतात. कातळ फोडताना कोणाला काही गमावल्यासारखे वाटत नाही. मला जे आग्रहाने सांगायचे आहे ते एवढेच आहे की, आंबोलीच्या भेकाचे घर रानात कमी आणि या कागदावरच्या पडीक जमिनीत जास्त आहे, त्यामुळे केवळ रान राखून तो राखला जाणार नाही.

अभयारण्यावाचूनही मार्ग असतो, आणि त्याचे उदाहरण आपल्या गावाशेजारीच आहे. हिरण्यकेशीच्या उगमाजवळील देवळाच्या कुंडात माशाची एक नवी जात सापडली आणि २०२१ साली राज्य सरकारने तेथील सुमारे दोन हेक्टर जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. देऊळ आहे तेथेच आहे, पूजा चालू आहे आणि मासाही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक केले आहे. त्या समितीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत कोणत्या सड्यावर भेकाची वीण होते ते लिहून घ्यावे. पुढे त्या सर्व्हे नंबरवर कोणी खाण किंवा बांधकाम मागायला आला, तर हा लेखी पुरावा उपयोगी पडतो. सगळेच सडे सारखे नसतात. ज्यावर पाणी धरणारे उथळ खळगे आहेत तो सडा राखावा आणि चिऱ्याची खाण किंवा नवी खोली यांसाठी दुसरी जागा पाहावी, एवढे ठरवणे गावाच्या हातात आहे.

झाडे लावण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे. सड्यावर झाडे लावू नयेत. सुरुंग लावून खड्डे करायचे, बाहेरून माती आणून भरायची आणि त्यात आंबा-काजू लावायचा हा प्रकार कोकणात पुष्कळ ठिकाणी झाला, आणि बागायतदाराच्या कष्टांना मी कमी लेखत नाही. परंतु हिरवाईसाठी म्हणून जे वृक्षारोपण सड्यावर केले जाते, त्यात रोप जगत नाही आणि खड्डा मात्र कायमचा राहतो, कातळावरचा पाण्याचा उतार बदलतो आणि खळगे गाळाने भरतात. उघडा सडा हे झाड हरवलेले रान नव्हे. शासकीय कार्यक्रम राबवायचाच असेल, तर गावठाणात, शाळेच्या आवारात किंवा रस्त्याच्या कडेला रोपे लावावीत, असे ग्रामसभेत सांगावे.

आणि होमस्टे चालवता म्हणून एक सूचना. बाहेरचा दिवा पावसाळ्यात मंद आणि पिवळा ठेवा, व्हरांड्याच्या बाहेर त्याचा झोत पडू देऊ नका. पाहुण्यांना भेक दाखवायचा असेल, तर सड्याच्या कडेपर्यंतच न्या, चार-पाच जणांपेक्षा मोठा गट नेऊ नका आणि ठरावीक वाटेनेच परत आणा. छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकताना ‘आंबोली’ एवढेच लिहावे, नेमक्या सड्याचा ठिकाणा जाहीर करू नये. आपल्या वहीत मात्र तो तारखेसह, पहिल्या पावसाच्या दिवसासह आणि खळग्यात पाणी किती दिवस टिकले त्या आकड्यासह लिहून ठेवावा. सड्याजवळ बाराही महिने राहणाऱ्या माणसाने दहा वर्षे अशी वही भरली, तर सुट्टीत येऊन जाणाऱ्या माझ्यासारख्याला जे कधीच दिसणार नाही ते तिच्यात असेल. पहिल्या पावसाळ्याची नोंद झाली की ती या सदराकडे अवश्य पाठवावी.